उडता येतं, उतरता येत नाही

जिवतीच्या पठारावर दिवस कलला की पोपटांचे थवे कलकलाट करत रातथाऱ्याच्या झाडांकडे निघतात. ज्वारीच्या शेतावरून, मोहाच्या शेंड्यांवरून, माणिकगडच्या डोंगरउतारांवरून. खाली गावात एखाद्या ओसरीला कवेलूच्या छपराखाली पिंजरा टांगलेला असतो आणि त्यातला मिठू गजाला चोच लावून त्या कलकलाटाला साद घालत असतो. वरचे आणि खालचा एकाच जातीचे, कदाचित एकाच रानातले.

एखाद्या सकाळी या पिंजऱ्याचं दार उघडं राहतं आणि मिठू जातो. मग घरातली माणसं दोनपैकी एक वाक्य बोलतात. कोणी म्हणतं, ‘येईल परत, जाऊन जाऊन जाईल कुठं?’ कोणी म्हणतं, ‘बरं झालं, सुटला बिचारा.’ पुण्या-मुंबईच्या इमारतीत यातलं दुसरं वाक्य कोणी सहसा बोलत नाही, कारण खिडकीबाहेर रान नसतं. जिवतीसारख्या तालुक्यात मात्र ते खरं वाटतं. समोर साग आणि मोह उभे आहेत, जातभाई डोक्यावरून उडताहेत, आणखी काय हवं? पण दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा खोटी ठरतात. का ठरतात, हे कळायचं तर उडण्याखेरीज पाखराला काय काय शिकावं लागतं ते पाहायला हवं.

आधी सुटतो कसा ते बघू. बाजारात मिळणाऱ्या तारेच्या पिंजऱ्याचं दार बहुधा वर सरकवायचं असतं. खाली चोच घालून ते उचलणं पोपटाला अवघड नाही. पोपटाची वरची चोच कवटीशी घट्ट जडलेली नसते, तिला स्वतंत्र हालचाल असते, त्यामुळे ती पकडीसारखी आणि पहारीसारखी दोन्ही कामं करते. पायाची दोन बोटं पुढं आणि दोन मागं असल्यामुळे वस्तू धरून फिरवताही येते. आणि दिवसभर दुसरा उद्योग काय असतो? व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गॉफिन जातीच्या काकाकुव्यांसमोर एक पेटी ठेवली होती. आत काजू आणि बाहेर एकामागोमाग एक पाच वेगवेगळ्या प्रकारचे अडसर: खीळ, स्क्रू, बोल्ट, फिरवायचं चाक आणि सरकती पट्टी. त्यातल्या पिपिन नावाच्या पक्ष्यानं कोणाच्याही मदतीशिवाय दोन तासांच्या आत काजू गाठला. आपला राघू त्या काकाकुव्याइतका कारागीर नसेल, पण त्याच्या दाराला अडसरही एकच असतो, आणि तोही सैल.

तरी कड्या उघडून पळालेल्या पोपटांपेक्षा दाणापाणी बदलताना निसटलेल्यांच्या गोष्टी जास्त ऐकू येतात. दार उघडं, हात आत, आणि नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी होते, मांजर उडी मारतं किंवा रस्त्यावर वरातीचा डीजे सुरू होतो. पोपट हा शिकार होणाऱ्यांच्या गोटातला पक्षी आहे. दचकला की आधी उडायचं आणि मग विचार करायचा, ही त्याची उपजत रीत. दचकलेलं पाखरू उजेडाच्या दिशेनं आणि वर जातं. ‘पळून गेला’ असं आपण म्हणतो, पण त्या क्षणी पळून कुठं जायचं याचा कसलाही बेत त्याच्या डोक्यात नसतो.

पुढचे काही क्षण जिवावरचे असतात. उडणाऱ्या पक्ष्याच्या वजनाचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा छातीच्या स्नायूंचा असतो, आणि पिंजऱ्यात वर्षानुवर्षं ते स्नायू कामच करत नाहीत. पहिली झेप भीतीच्या जोरावर निघते. थोड्या अंतरावर दम लागतो, चोच उघडी पडते आणि समोर येईल त्या उंच जागी पाखरू बसतं. सागाचा शेंडा, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर. सुटलेलं पाखरू शोधणारी माणसं वेड्यासारखी लांब लांब धावतात, आणि ते बहुधा घराजवळच्याच झाडात धापा टाकत, एक शब्द न काढता बसलेलं असतं. वारा जोराचा असेल किंवा कावळे मागं लागले असतील, तर गोष्ट वेगळी.

आता खरी अडचण. झाडावर चढलेलं पोर खाली पाहून रडायला लागतं, तशी या पक्ष्याची गत होते. वर जायला पंख मारत राहणं पुरतं. खाली यायला बरंच काही लागतं: वेग तोडायचा, शेपूट पसरायची, अंग उभं करायचं, वाऱ्याचा रोख बघायचा, फांदी निवडायची आणि शेवटच्या क्षणी उलटे पंख मारून पाय पुढं करायचे. उंचावरून सरळ खाली उतरणं हे यातलं सगळ्यात कठीण काम. रानातलं पिल्लू ढोलीतून बाहेर पडल्यावर काही आठवडे आईबापांच्या मागं मागं फिरून, फांद्या चुकवत, कधी आपटत हे शिकतं. पिंजऱ्यातल्या राघूनं आयुष्यात काठीवरून वाटीपर्यंत वीतभर उतरण केलेली असते. म्हणून मालक झाडाखाली हिरवी मिरची घेऊन उभा असतो, वर पाखरू पुढं झुकून, पंख अर्धे उघडून ओरडत असतं आणि तरी येत नाही. मालकाला वाटतं, एवढा जीव लावला आणि हा ओळखही देत नाही. ओळख पटलेली असते, पण उतरायचं कसं हे त्याला येत नसतं.

एवढं लक्षात आलं की काय करू नये हे आपोआप ठरतं. झाडावर पोरं चढवू नयेत, बांबूनं ढोसू नये, दगड तर मुळीच मारू नये. यातल्या प्रत्येक गोष्टीनं पाखरू आणखी वर आणि आणखी लांब जातं. बरोबर झाडाखाली उभं राहण्यापेक्षा थोडं दूर, शक्यतो उंचावर उभं राहावं. समोरच्या घराची गच्ची, टेकाडाचा चढ, नाहीतर बैलगाडीवर ठेवलेला पिंजरा. म्हणजे पाखराला सरळ खाली पडण्याऐवजी तिरकं येता येतं, आणि तिरकं येणं त्याला जमण्यासारखं असतं. पिंजरा तोच हवा, त्याच्या सवयीचा, दार उघडं ठेवून, आत ओळखीची वाटी. जोडीदार असेल तर त्याला दुसऱ्या पिंजऱ्यात घालून जवळ ठेवावं, कारण हाक मारण्याचं काम तो माणसापेक्षा चांगलं करतो.

ही हाक काय चीज आहे हे सांगायला थोडं लांब, व्हेनेझुएलात जावं लागेल. तिथं हिरव्या रंगाचे चिमणीएवढे रानपोपट आहेत. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या घरट्यांतली अंडी अदलाबदल केली आणि पिल्लांचे आवाज नोंदवले. त्यांचं संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रत्येक पिल्लाची हाक त्याला वाढवणाऱ्या आईबापांच्या हाकांसारखी निघाली, जन्म देणाऱ्यांच्या हाकांसारखी नाही. म्हणजे नावासारखी वापरली जाणारी ही हाक पोपट रक्तातून आणत नाही, घरात शिकतो. आपल्या ओसरीवरचा राघू ‘मिठू मिठू’ किंवा ‘कोण आलं?’ म्हणतो तेव्हा तो पोपटपंची करत नसतो. तुमच्या घराला त्यानं आपला थवा मानलेलं असतं आणि त्या थव्याची हाक तो देत असतो. म्हणून शोधायला निघालेल्या अनोळखी दहा जणांच्या कल्लोळापेक्षा रोज दाणा घालणाऱ्या एकाच माणसाचा रोजचा सूर कामाला येतो. हाक द्यावी, थांबावं, कान द्यावा, पुन्हा हाक द्यावी. थांबायचं विसरतात बहुतेक लोक.

घाबरलेला पोपट बोलत नाही, याचा एक नामांकित दाखला याच भागातला आहे. जिवती पूर्वी ज्या राजुरा तालुक्याचा भाग होता, त्या राजुऱ्यात ऑगस्ट २०१५ मध्ये एका पंचाऐंशी वर्षांच्या आजींनी पोलिसांकडे तक्रार केली, की घरच्या वादातून नातलगानं आपला पोपट शिकवून ठेवला आहे आणि आपण समोरून गेलो की तो शिव्या देतो. पोलिसांनी दोन्ही पक्षांना आणि पोपटालाही ठाण्यात बोलावलं. पोपटाचं नाव हरियल. फिर्यादी आजींना समोर उभं केलं, सगळे कान देऊन राहिले, आणि हरियलनं चोच उघडली नाही. शेवटी त्याला वनविभागाच्या हवाली करण्यात आलं. देशभरच्या वर्तमानपत्रांनी हसत हसत ही बातमी छापली. पाखरं पाळणाऱ्याला मात्र त्यात नवल वाटलं नसतं. अनोळखी जागा, अनोळखी चेहरे, गर्दी: अशा वेळी गप्प राहणं हाच पोपटाचा बचाव. झाडावर बसलेला सुटलेला राघूदेखील पहिले काही तास असाच मुका असतो. धीर आला, भूक लागली की मग बोलतो, बहुधा दिवस मावळायच्या आधी, रानातले थवे ओरडायला लागतात त्याच सुमारास.

अंधार पडला की तो हलत नाही. पोपटाला रात्री नीट दिसत नाही, जिथं बसला तिथंच रात्र काढतो. ज्यांना झाड सापडलं आहे त्यांनी ते नीट ध्यानात ठेवावं आणि उजाडायच्या आत पिंजरा घेऊन तिथं हजर व्हावं. सकाळी तो भुकेला असतो, आणि माणूस त्याच्या सगळ्यात जास्त उपयोगाचा असतो तो त्याच वेळी. उन्हाळ्यात भुकेपेक्षा तहान मोठी. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो. पक्ष्यांना घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत आणि पंख अंगापासून दूर धरून ते उष्णता बाहेर टाकतात. अशा दिवशी दाण्यापेक्षा पसरट थाळीतलं चमकणारं पाणी पाखराला लवकर खाली आणतं.

इथवरचं सगळं कुठल्याही पाळीव पाखराला लागू आहे. आता ‘बरं झालं, सुटला’ या वाक्याकडे वळू, कारण जिवतीत ते पोटतिडकीनं बोललं जातं आणि त्यामागं दयाही असते.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात डोंगरातल्या पाइनच्या जंगलांत जाड चोचीचे हिरवे पोपट पूर्वी होते, नंतर संपले. १९८६ पासून तिथं पोपट पुन्हा सोडण्याचा प्रयत्न झाला. सोडलेल्यांत दोन प्रकारचे पक्षी होते. काही चोरट्या व्यापाऱ्यांकडून जप्त केलेले, म्हणजे रानात वाढून पकडले गेलेले. काही माणसांच्या देखरेखीत जन्मलेले. जात एक, पंख सारखे, जंगल तेच. रानात वाढलेल्यांनी थवा धरला, पाइनची फळं फोडून खाल्ली, त्यांतले बरेच काही काळ टिकले. माणसांत जन्मलेले थव्याबरोबर राहीनात, शिकारी पक्षी आला तर वेळेवर उडेनात, आणि बघता बघता संपले. पुढं प्वेर्तो रिकोतल्या पोपटांना सोडण्याआधी पिंजऱ्यातच शिकारी पक्ष्याची भीती शिकवण्याची सोय करावी लागली. भीतीही शिकावी लागते, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण शिक्रा डोक्यावरून गेला की पोपटाचा थवा एका क्षणात झाडातून फुटून बाहेर पडतो, तेव्हा त्यातल्या प्रत्येकानं शिक्रा पाहिलेला नसतो. ज्यानं पाहिला त्याच्या ओरडण्याचा अर्थ बाकीच्यांना कळतो. ओसरीवर वाढलेल्या मिठूला तो अर्थ कोणी सांगितलेलाच नसतो. त्याला कुकरची शिट्टी कळते.

त्यात तो माणसाला भीत नाही. हातावर वाढलेलं पिल्लू माणसालाच आपली जात समजतं. म्हणून सुटलेला पोपट दुसऱ्या गावच्या शाळेत मुलांच्या खांद्यावर बसतो, हॉटेलच्या टेबलावर उतरतो, आणि मग कुत्रं, मांजर किंवा पुन्हा कोणाचा तरी पिंजरा. रानात काय खायचं हेही त्याला ठाऊक नसतं. रानातले पोपट पळस आणि मोहाची फुलं, टेंभरं, पिकलेली उंबरं, ज्वारीची कणसं ऋतूप्रमाणे खात फिरतात. कुठलं झाड कधी फुलतं ते थव्यातले जुने पक्षी जाणतात. आपला मिठू भिजवलेली चण्याची डाळ, पोळी आणि मिरची जाणतो.

मिरचीवरून आठवलं. पोपट तिखट खातो म्हणून त्याची तारीफ करण्यात अर्थ नाही, त्याला ते लागतच नाही. मिरचीतला तिखटपणा जाणवायला मज्जातंतूंवर जो ग्राही रेणू लागतो तो पक्ष्यांतही असतो, पण सस्तन प्राण्यांतल्यासारखा मिरचीला दाद देत नाही. मिरचीच्या झाडाचा यात फायदाच आहे. उंदीर-खारी बी चावून टाकतात, पक्षी ते अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात.

आणि याच पोपटावर शेतात गोफण चालते. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर बसून राखण करावी लागते, आणि राखणीचा एक मोठा हिस्सा पोपटांसाठी असतो. कणीस कुरतडतात त्यापेक्षा जास्त खाली पाडतात. एकाच घरातली दोन माणसं, एक शेतात पोपटाला शिव्या घालत धोंडे भिरकावतं, दुसरं ओसरीवर त्याला ‘बोल रे राघू’ म्हणत पेरू भरवतं. मला यात विसंगती दिसत नाही. शेतातला पोपट थवा असतो आणि ओसरीवरचा एकटा, आणि एकट्याशीच माणसाची दोस्ती होते. त्याला एकटं करतं कोण, हे मात्र पाहिलं पाहिजे.

या भागात पोपटांच्या तीन जाती पाळण्यात दिसतात. गळ्याला कंठ असलेला नेहमीचा राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट, आणि लालजांभळ्या डोक्याचा देखणा छोटा पोपट. तिघंही झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, सुतार किंवा तांबटानं कोरून सोडलेल्या ढोल्याही त्यांना चालतात. राघूची वीण हिवाळा सरता सरता सुरू होते. पिल्लू साधारण सहा-सात आठवडे ढोलीत असतं. विकायला जी पिल्लं काढतात ती त्याच्या आधी, अंगावर पिसं फुटत असताना, कारण तेव्हाच ती माणसाळतात. ढोलीत हात जात नसेल तर फांदी तोडतात किंवा ढोलीचं तोंड फोडतात. पिल्लं जातात ती एका वर्षाची, ढोली जाते ती कायमची, आणि पोपट स्वतः ढोली कोरण्यात फारसा वाकबगार नाही. पिंजऱ्यातला एक मिठू बोलायला लागतो तेव्हा त्याच्या बरोबरची काही पिल्लं वाटेतच मेलेली असतात. हे ओसरीवरून दिसत नाही.

म्हणूनच कायद्यानं या पाळण्याला परवानगी नाही. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच बंदी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. नेहमीचा राघू आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिवतीतल्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, पण राघूच्या बाबतीत त्यानं फरक पडत नाही, कारण कायदा केंद्राचा आहे. अंमलबजावणी मात्र नाजूक असते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये वनविभागानं पाळलेल्या पोपटांवर कारवाईचा आदेश काढला, घरोघरचे लोक धास्तावले आणि काही दिवसांतच तो आदेश थांबवावा लागला. दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये एका प्रकरणात पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे असं म्हटलं होतं. त्यानंतर तीनच महिन्यांनी राजुऱ्याचा हरियल ठाण्यात गेला.

लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट निराळी. आपल्याकडे लोक ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. कॉकटील पुन्हा ऑस्ट्रेलियातला. हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मले आहेत, ते पाळायला बंदी नाही. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असेल तर सरकारी नोंदणी लागते. पण सुटल्यावर यांची अवस्था राघूहून वाईट. पिवळा किंवा पांढरा बजरीगर कावळ्यांच्या नजरेत लगेच भरतो. इतक्या लहान जिवाला पोटात साठा ठेवता येत नाही, एक-दोन दिवस दाणा मिळाला नाही की संपलं. यांच्यासाठी ‘मोकळं झालं’ हे वाक्य म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. दुर्बळ पाखरू झटकन धरून पिंजऱ्यात परत ठेवणं हीच दया.

अपवाद आहेत, आणि ते सांगायला हवेत, कारण ‘लंडनमध्ये तर पोपट सुटून राहिलेत’ असं कोणी तरी म्हणतंच. खरं आहे. आपल्या ओसरीवरचा हाच कंठवाला राघू लंडनच्या बागांत हजारोंनी आहे, १९६९ पासून तिथं रानटी वीण होते. गायक जिमी हेंड्रिक्सनं एक जोडी सोडली आणि त्यातून सगळे झाले, अशी तिथली दंतकथा. पोलीस गुन्हेगाराचा ठावठिकाणा काढायला जी नकाशाची पद्धत वापरतात ती वापरून २०१९ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या. कुठलाच एक उगम निघाला नाही. वर्षानुवर्षं अनेक ठिकाणांहून अनेक पोपट सुटत आणि सोडले जात होते. ब्रसेल्समध्ये तर १९७४ मध्ये एका करमणूक उद्यानातून चाळीसेक पोपट एकदम सोडले गेले आणि त्यांचा थवा वाढला. जनुकीय तपासणीवरून युरोपातल्या या पोपटांचं मूळ प्रामुख्यानं उत्तर भारत आणि पाकिस्तानात निघालं. जहाजा-विमानांनी गेलेले यातले कितीतरी पक्षी रानात पकडलेले होते. त्यांना थवा कळत होता, ससाणा कळत होता. लंडन जिंकलं ते थव्यानं, एकट्या मिठूनं नव्हे. उलट उदाहरण फ्लोरिडाचं. तिथल्या किनाऱ्यावर सुटलेल्या बजरीगरांची हजारोंची वस्ती झाली, लोक त्यांच्यासाठी घरटी टांगत होते, तरी ती घटत घटत २०१४ च्या सुमारास संपली.

राहिलं ‘येईल परत’. ही अपेक्षा आपण कबुतरावरून आणि कोंबडीवरून शिकलो आहोत. जिवतीतल्या घराघरातल्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात आणि सांजेला आपापल्या खुराड्यात हजर होतात. कबुतराला सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकत्व आणि वास यांच्या आधारे लांबून घर गाठता येतं, शिवाय माणसानं हजारो वर्षं घरी परतणारीच निवडून वाढवली. पण या दोघांत आणि राघूत साधा फरक आहे. त्यांनी आपलं घर बाहेरून पाहिलेलं असतं. रोज बाहेर पडताना छप्पर, झाड, रस्ता त्यांच्या डोळ्यांखालून जातात. पिंजऱ्यातल्या पाखराला घर आतून ठाऊक असतं, ओसरीच्या एका कोपऱ्यातून. वरून पाहिलं तर सगळीच कवेलू सारखी. त्याला परतायची इच्छा असली तरी कुठं परतायचं ते ओळखता येत नाही. म्हणून पिंजरा कधी मधी अंगणात ठेवणाऱ्यांची पाखरं परतण्याची शक्यता थोडी जास्त. जास्त म्हणजे तरी किती, यावर पैज लावू नये.

पंख कापून ठेवणं हा उपाय मी मोजत नाही. कापलेली पिसं झडून नवी येतात, कधी आली ते मालकाच्या ध्यानात येत नाही, आणि ‘याला उडता येत नाही’ या भरवशावर दार उघडं टाकलं की एक दिवस तो उडतो. एकाच बाजूचा पंख कापलेला पोपट तर तोल जाऊन विहिरीत पडतो किंवा जमिनीवर आदळून छातीचं हाड मोडून घेतो. बजरीगर पाळणाऱ्यांनी दाराला एक आकडा किंवा कपड्यांचा चिमटा लावावा, दाणा घालताना आधी खोलीचं दार लावावं, पंखा बंद करावा. एवढं पुरतं.

राघूचं काय, हा प्रश्न अवघड आहे. सुटलेला राघू सापडला तर त्याला पुन्हा पिंजऱ्यात घालणं गुन्हा, आणि तसाच हवेत सोडून देणं हे वर सांगितलेल्या ॲरिझोनासारखं. अशा वेळी वनविभाग गाठावा. राज्याच्या वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, जिवतीचं वनक्षेत्र मध्य चांदा वनविभागात येतं, आणि जखमी-आजारी वन्यजीवांसाठी चंद्रपूरला वन्यजीव उपचार केंद्र आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर दुसरं. पाखरू खोक्यात घालून नेताना खोक्याला भोकं पाडावी, अंधार ठेवावा, बळजबरीनं चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जातं.

अशा केंद्रांत पोपटाला परत रानात पाठवायची तयारी करतात ती या लेखातल्या सगळ्या उणिवा एकेक करून भरण्याची. आधी रोग तपासायचे, कारण पिंजऱ्यातून पिसं झडवणारा विषाणू किंवा पोपटज्वराचा जंतू रानातल्या थव्यात गेला तर एकाच्या सुटकेपायी अनेक मरतील. मग मोठ्या जाळीच्या दालनात जातभाईंबरोबर ठेवायचं, उडू द्यायचं, उतरताना आपटू द्यायचं. वाटीतला दाणा कमी करत फांद्यांना लागलेली फळं आणि कणसं टांगायची. माणसानं त्याच्याशी बोलायचं नाही. शेवटी जिथं त्याच्याच जातीचे थवे रोज येतात अशा ठिकाणी दालन उघडायचं. ज्याचे पंख शाबूत आहेत त्याला यात काही आठवडे किंवा महिने लागतात. ज्याचे कापले आहेत त्याला नवी पिसं फुटेपर्यंत थांबावं लागतं, कारण कापलेलं पीस वाढत नाही, ते मुळासकट झडून पडल्यावरच त्या जागी दुसरं येतं, आणि पोपटाची पिसं झडतात साधारण वर्षातून एकदा.